५२ ग्रॅम आणि रात्रीचे चार हेलपाटे

जानेवारीतला सोमवार होता. बाहेर बाकावर जागा नव्हती, तरी हे गृहस्थ उभे राहायचं सोडून सारखे बाहेरच्या मुतारीकडे जाऊन येत होते. माझ्या कंपाउंडरने ते टिपलं आणि नंबर आधी लावला. वय ६७, एसटीत ३२ वर्षं ड्रायव्हर, त्यातली निम्मी रातराणीवर, गळ्यात तुळशीची माळ. सोबत थोरला मुलगा आणि त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट. ओळख पटेल असं यापुढे काही लिहीत नाही. मी त्यांना काका म्हणायचो, इथेही काकाच म्हणतो.

रिपोर्टातल्या एका ओळीखाली पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या: प्रोस्टेट ५२ ग्रॅम. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते, आक्रोडाएवढी. ते मुलाने फोनवर वाचलं होतं. "अडीचपट झालीय डॉक्टर. ऑपरेशन करावंच लागणार ना?" त्याच्या चुलत्याचं आठ वर्षांपूर्वी झालं होतं आणि नंतर सहा महिने धोतर ओलं राहायचं, ही आठवण घरात ताजी होती. म्हणजे ऑपरेशन हवं म्हणून विचारणं नव्हतं, टळावं म्हणून होतं.

मी काकांनाच विचारलं, "तुम्हाला नेमका त्रास काय?"

"रातीला चारदा उठतो. धार बारीक. झाली म्हणून परत यावं, तर आणि लागलीच हाय. पण त्ये सोडा. दोन वर्सं वारी चुकली."

वारीत माणूस रस्त्याच्या कडेला कुठंही जाऊ शकतो, मग अडचण कसली, असं मला क्षणभर वाटलं. त्यांनीच उलगडून सांगितलं. दिवसा आडोशाला गेलं की धार सुरू व्हायलाच दोन-तीन मिनिटं, संपायला पाच, तोवर दिंडी पुढे निघून जाते आणि मग पळत गाठायची. रात्री राहुटीत तीस माणसं खेटून झोपलेली. चार वेळा तीस माणसांना ओलांडायचं, अंधारात कुणाच्या हातावर पाय पडायचा. दुसऱ्या वर्षी त्यांनी पाणीच बंद केलं आणि फलटणच्या आधी चक्कर येऊन पडले. त्यानंतर गेले नाहीत.

या प्रकरणाचं उद्दिष्ट त्याच दिवशी ठरलं. ५२ चे ४० करायचे हे नव्हे. रात्रीच्या चार खेपा एक-दोनवर आणायच्या, आडोशाचा वेळ कमी करायचा, आणि आषाढाच्या आत. हातात साधारण पाच महिने होते.

वजन आणि त्रास

मुलाला मी एक उदाहरण दिलं, ते अजून वापरतो. अंगणात झाड कितीही वाढलं तरी येण्याजाण्याला अडत नाही, दारात वाढलं तर छोटंसं झुडूपही अडतं. प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी लघवीच्या नळीभोवती असते. ती बाहेरच्या बाजूला वाढली तर ८० ग्रॅमची होऊनही माणूस तक्रार करत नाही, आत नळीकडे किंवा मूत्राशयात डोकावत वाढली तर ३० ग्रॅमलाही जीव नकोसा करते. म्हणून सोनोग्राफीतला आकडा बघून ऑपरेशन ठरत नाही. वजनाचा उपयोग आहे, पण तो कुठली गोळी लागू पडेल हे ठरवायला.

त्रास मोजायला वेगळी पट्टी आहे. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, आठ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. आठवा प्रश्न सुटा: 'उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल?' त्याला शून्य ते सहा. काकांचे गुण २१ भरले आणि आठव्या प्रश्नाला पाच. मराठीत हे प्रश्न तोंडी विचारताना वेळ लागतो, कारण 'गेल्या महिन्यात निम्म्यापेक्षा कमी वेळा' असं आपल्याकडे कुणी मोजत नाही. "धा वेळा गेलात तर त्यातल्या किती वेळा कुंथावं लागतं?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं.

बाकीच्या तपासण्या पटापट सांगतो. लघवी स्वच्छ, जंतू नाहीत. साखर ठीक. क्रिएटिनिन १.०, म्हणजे मूत्रपिंडं सुरक्षित. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घ्यायला करतात ती रक्ताची तपासणी, २.६. लघवी केल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी ७० मिली. धारेचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला ८.९ मिली. १५ च्या वर असेल तर बरं मानतात, दहाच्या खाली अडथळ्याची शंका बळकट. हा वेग मोजताना किमान दीडशे मिली लघवी व्हावी लागते, नाहीतर आकडा फसवा येतो. काकांची पहिली चाचणी ९० मिलीवर केलेली होती, ती मी पुन्हा करायला लावली.

गुदद्वारातून बोटाने तपासणी हा भाग बहुतेक ठिकाणी वगळला जातो. रुग्ण लाजतो आणि डॉक्टरही. ग्रंथी गुळगुळीत, रबरासारखी, कुठे गाठ किंवा दगडासारखा भाग नाही, हे हाताला कळलं. कर्करोगाची शंका खूपच कमी झाली. ही साधी वाढ कर्करोगात बदलत नाही, दोन्ही वेगळे रोग आहेत, हेही तेव्हाच सांगून टाकलं, कारण विचारायला तो प्रश्न कुणी धजत नव्हतं.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्याजवळ एक जुना पण भक्कम आधार होता. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यम त्रास असलेल्या ५५६ पुरुषांचे दोन गट केले. निम्म्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन, निम्म्यांवर नुसती नजर. ऑपरेशनवाल्यांना आराम जास्त पडला हे खरं. पण नजर ठेवलेल्या २७६ पैकी तीन वर्षांत ऑपरेशन करावं लागलं ते ६५ जणांना. म्हणजे चारातल्या तिघांची तीन वर्षं तशीच निभावली, आणि तेव्हा आजच्याइतक्या गोळ्याही नव्हत्या.

"मग वेळ हाय म्हणायचा," काका म्हणाले.

तीन दिवसांचं लॉगशीट

गोळी लिहायच्या आधी मी त्यांना तीन दिवसांची डायरी ठेवायला सांगितली. किती वाजता, किती मिली, आणि प्यायलं काय. मापाचा प्लॅस्टिकचा जार मेडिकलमध्ये मिळतो. बहुतेक रुग्ण ही डायरी आणत नाहीत, आणली तर शेवटच्या रात्री अंदाजाने भरलेली असते. काकांनी आणली ती डेपोतल्या लॉगशीटसारखी. वेळ, किलोमीटरच्या जागी मिली, शेरा. एका शेऱ्यात लिहिलं होतं, 'रस्ता बंद, दहा मिनिटे थांबून सुटली.'

तीन दिवसांची सरासरी काढली तेव्हा चित्र उलटं निघालं. चोवीस तासांत २,२५० मिली, त्यातली रात्रीची, सकाळच्या पहिल्या लघवीसह, ९५० मिली. म्हणजे ४२ टक्के. या वयात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला की मूत्रपिंडं रात्री जास्त काम करताहेत असं धरतात. दिवसाच्या एका खेपेला १३० मिली, रात्रीच्या खेपेला १९०. नुसता अडथळाच कारण असता तर रात्रीही थोडी थोडी झाली असती. इथे मूत्राशय भरून येत होतं आणि माणूस उठत होता. प्रोस्टेट दोषी होतीच, पण रात्रीच्या झोपमोडीत तिचा एकटीचा हात नव्हता.

मग घरातल्या सवयी विचारल्या, तेव्हा काकूच बोलल्या. सकाळी तांब्याभर पाणी, ते ठीक. संध्याकाळी पाचला चहा, सातला चहा, जेवणावर ताक, आणि झोपताना पुन्हा तांब्याभर, कारण 'मूतखडा होऊ नये म्हणून' कुणी तरी सांगितलेलं. काकांना तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला होता. रोज अॅस्पिरिन, आणि रक्तदाबासाठी एक जोडगोळी, तीत अॅम्लोडिपिन व हायड्रोक्लोरोथायझाइड. ती ते रात्री जेवल्यावर घ्यायचे. हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी. रात्री साडेआठला घेतली की तिचा जोर नेमका मध्यरात्री. अॅम्लोडिपिनने पायांवर सूज येते. मोजे काढल्यावर वळ उमटलेले दिसलेच. दिवसभर पायांत साचलेलं पाणी माणूस आडवा झाला की रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते गाळतात.

म्हणजे रात्रीच्या ९५० मिलीपैकी बरीचशी आम्ही डॉक्टरांनीच लिहून दिलेली होती.

त्यांच्या हृदयविकारतज्ज्ञांशी फोनवर बोललो. अॅम्लोडिपिनच्या जागी टेल्मिसार्टन, आणि लघवीची गोळी सकाळी. दुपारी जेवल्यावर तासभर पाय उशीवर घेऊन पडायचं, म्हणजे साचलेलं पाणी दिवसाच निघून जातं. पाचच्या चहानंतर चहा नाही. रात्रीचं ताक दुपारी. झोपण्याआधी दोन तास घोटभरच पाणी, पण दिवसाचं अजिबात कमी करायचं नाही, कारण वारीत त्यांनी तोच घोळ घातला होता. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा, उरलेली थोडी तरी जाते. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कारण भरलेलं मोठं आतडं मागून दाबतं. शेवटचे थेंब कपड्यात पडतात त्यासाठी वृषणामागून पुढे बोटाने नळी निपटायची, हे त्यांना दाखवून दिलं. ही शेवटची युक्ती कुणीच कुणाला सांगत नाही, आणि धोतराचे डाग तिनेच जातात.

हे 'पथ्यपाणी' म्हणून हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लंडनमध्ये १४० पुरुषांवर केलेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: नेहमीच्या उपचाराला अशा सवयींचं शिक्षण जोडलं, तर तीन महिन्यांत उपचार फसण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून दहावर आलं. इतकं स्वस्त औषध माझ्या कपाटात दुसरं नाही. त्याला लागतो तो वेळ, आणि सोमवारच्या ओपीडीत नसतो तोही वेळच.

गोळी मी का थांबवली

धार मोकळी करणारी गोळी त्याच दिवशी द्यायला काहीच हरकत नव्हती, एक सोडून. काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन २४ जानेवारीला ठरलेलं होतं. टॅम्सुलोसिन आणि तिच्या जातीच्या गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटमधले स्नायू सैल करतात. तशाच जातीचे स्नायू डोळ्याच्या बुबुळात असतात, तेही ढिले पडतात. २००५ साली पहिल्यांदा हे लक्षात आलं की या गोळ्या घेणाऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बाहुली मध्येच आकसते, पडदा फडफडतो आणि सर्जनची तारांबळ उडते. गोळी आठवडाभर बंद ठेवूनही हा परिणाम पुरता जात नाही. आधीच सुरू असेल तर नेत्रतज्ज्ञाला सांगितलं की ते तयारीत राहतात. पण ऑपरेशन तीन आठवड्यांवर असताना नव्याने सुरू करण्यात शहाणपण नव्हतं. म्हणून मी म्हटलं, आधी डोळा, तोवर सवयी. १० फेब्रुवारीला या.

तीन आठवडे सवयी पाळल्या. रात्रीच्या खेपा चारावरून तीनवर आल्या, एखाद्या रात्री दोन. डोळा उत्तम झाला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

६ फेब्रुवारीला पहाटे दोनला मुलाचा फोन आला. लघवी पूर्ण अडकली होती. संध्याकाळी सहापासून एक थेंब नाही, पोट फुगलेलं, काका गुरासारखे ओरडत होते. जवळच्या रुग्णालयात नळी घातली, ७५० मिली निघाली. सकाळी मी गेलो तेव्हा काका शांत पडले होते आणि काकू उशाशी ठेवलेल्या औषधांच्या पिशवीतून एक पट्टी काढून दाखवत होत्या. दोन दिवस सर्दी होती, मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या.

सर्दीच्या त्या साध्या गोळीत बहुधा तीन घटक असतात. तापासाठी पॅरासिटामॉल, त्याचा काही दोष नाही. चोंदलेलं नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन, जे मूत्राशयाचं तोंड आणि प्रोस्टेटचे स्नायू आवळतं. आणि शिंका थांबवणारं क्लोरफेनिरामिन, जे मूत्राशयाच्या पिळण्याची ताकद कमी करतं. एक दार आवळतं, दुसरं ढकलणारा हात लुळा करतं. ज्याची धार आधीच सेकंदाला ८.९ आहे, त्याला हे दोन्ही एकदम मिळाले की काय होणार ते झालं.

मी चहा, ताक, तांब्या, मोजे, सगळं विचारलं होतं. सर्दीच्या गोळीबद्दल बोललो नव्हतो. जानेवारी-फेब्रुवारीत, थंडीत, साठीच्या पुढच्या माणसाला हे सांगायला हवं होतं. गोळी थांबवण्याचा माझा निर्णय चूक होता का, यावर मी बराच विचार केला. टॅम्सुलोसिन सुरू असती तर कदाचित लघवी अडकली नसती, कदाचित तरीही अडकली असती. डोळ्यासाठी थांबणं मला आजही बरोबर वाटतं. न सांगणं मात्र चूकच.

नळी काढायची कधी, आणि पुढे काय

लघवी अडकली म्हणजे ऑपरेशनच, असा समज आहे आणि रुग्णालयातही कुणीतरी तसं म्हणून गेलं होतं. मुलाचा चेहरा पडला. पण पहिल्यांदाच अडकलेली असेल, कारण सापडलेलं असेल, मूत्रपिंडं ठीक असतील, तर नळी ठेवून गोळी सुरू करायची आणि दोन-तीन दिवसांनी नळी काढून बघायची, ही रूढ पद्धत आहे. टॅम्सुलोसिनच्याच जातीच्या अल्फुझोसिन या गोळीवर असा अभ्यास झालेला आहे. नुसती नळी काढली तर ४८ टक्के पुरुषांना आपणहून लघवी झाली, गोळीच्या आधाराने ६२ टक्क्यांना. डोळ्याचं ऑपरेशन होऊन गेलेलं होतं, आता अडसर नव्हता. टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर अर्ध्या तासाने. तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. काका साडेदहाला स्वतःच्या पायांनी मुतारीत गेले आणि आतूनच ओरडले, "सुटली!" डेपोतल्या माणसाला साजेसं.

आता खरा निवड करायचा टप्पा आला. मुलाने फोनवर बरंच वाचून ठेवलं होतं, ते एकेक करून बोललो.

रोज घ्यायची टाडालाफिल ५ मिलिग्रॅम. लघवीच्या त्रासाला चालते, २०११ पासून अमेरिकेत या कारणासाठी मान्य आहे. पण काकांच्या खिशात छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. विषय संपला.

घाई थांबवणाऱ्या गोळ्या, सोलिफेनासिनच्या जातीच्या. काकांना घाई होती थोडी, पण नुकतीच लघवी अडकलेल्या माणसाच्या मूत्राशयाची ताकद आणखी कमी करायला मी तयार नव्हतो.

काकूंच्या भावाने आणून दिलेलं गोखरू-वायवर्ण्याचं चूर्ण ते सहा महिने घेत होते. "त्यानं बरं वाटतं का?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "वाटतं आसं वाटतं." हे उत्तर खरं आहे. प्रोस्टेटच्या अभ्यासांत नुसती साखरेची गोळी दिलेल्यांनाही चांगलाच फरक जाणवतो, कारण त्रास आपोआप कमीजास्त होत राहतो. पाश्चात्त्य देशांत सॉ पामेटो नावाच्या ताडवर्गीय झुडपाच्या फळांचा अर्क यासाठी अफाट खपतो. २००६ आणि २०११ साली त्याची नीट परीक्षा झाली, दुसऱ्या वेळी तर नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत देऊन, आणि तो साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. वैद्यांचं औषध घ्यायचं तर वैद्यांच्या देखरेखीखाली घ्या, पण लेबल नसलेल्या डब्यातलं चूर्ण बंद करा, एवढंच मी म्हटलं. काकूंना ते आवडलं नाही.

वाफेने ग्रंथी आकसवणं, बारीक टाके घालून तिच्या पाळ्या पडद्यासारख्या बाजूला बांधणं, आणि मनगटातून किंवा जांघेतून नळी नेऊन प्रोस्टेटची रक्तवाहिनी सूक्ष्म कणांनी बुजवणं, हे तीन प्रकार जाहिरातींत 'विनाऑपरेशन' म्हणून येतात. चाकू लागत नाही हे खरं, पण हे गोळी घेण्यासारखं घरगुती नव्हे. वाफेनंतर काही दिवस नळी ठेवावी लागते आणि पूर्ण फरक दिसायला आठवडे जातात. रक्तवाहिनी बुजवण्याचं काम रेडिओलॉजीतले तज्ज्ञ करतात, भूल जुजबी लागते, म्हणून ज्याचं हृदय किंवा वय मोठ्या भुलेला घाबरतं त्याच्यासाठी ते उपयोगी आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २०१८ मध्ये नियम घालून देऊन त्याला संमती दिली. आराम मात्र दुर्बिणीच्या ऑपरेशनइतका पडत नाही. काकांसाठी हा रस्ता मी फाइलवर 'दुसरा पर्याय' म्हणून लिहून ठेवला, गोळ्या फसल्या तर पुण्याला पाठवायचं म्हणून.

उरली ड्युटास्टेराइड. इथे ५२ ग्रॅमचा उपयोग झाला. ही गोळी पुरुषी हार्मोनचं ज्या रूपामुळे ग्रंथी वाढते ते रूप तयारच होऊ देत नाही. सहा महिने ते वर्षभरात ग्रंथी साधारण पाव हिश्श्याने आकसते. छोट्या ग्रंथीला तिचा फायदा नाही, ३०-४० ग्रॅमच्या पुढेच. या औषधांची कथाही मजेशीर आहे: १९७४ साली डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यातल्या मुलांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. जन्मतः मुली समजली गेलेली ही मुलं वयात आल्यावर मुलगे होत. त्यांच्यात तेच रूप बनवणारं विकर (एन्झाइम) कमी होतं, आणि मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहानच राहायची. त्या धाग्यावरून फिनास्टेराइड आली, १९९२ मध्ये. ड्युटास्टेराइड तिची धाकटी बहीण.

दोन गोळ्या एकत्र का, तर त्यालाही आधार आहे. २००३ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ३,०४७ पुरुषांना सरासरी साडेचार वर्षं पाहिलं. आजार बळावण्याचा धोका धार मोकळी करणाऱ्या गोळीने ३९ टक्क्यांनी घटला, ग्रंथी आकसणाऱ्या गोळीने ३४ टक्क्यांनी, दोन्ही मिळून ६६ टक्क्यांनी. एक गोळी आठवड्यात काम करते, दुसरी सहा महिन्यांत. पहिली आषाढासाठी, दुसरी पुढच्या आषाढांसाठी, असं मी काकांना सांगितलं.

पण ड्युटास्टेराइडने इच्छा कमी होऊ शकते, ताठरपणा कमी होऊ शकतो, क्वचित छाती दुखरी होते. मुलासमोर विचारलं तर, "आता या वयात काय त्याचं," म्हणून हसले. मुलाला बिल भरायला पाठवलं. दार लागल्यावर काकांनी खाली बघत विचारलं, "कायमचं जातं का?" बहुतेकांना काहीच होत नाही, ज्यांना होतं त्यांचं गोळी बंद केल्यावर बहुधा परत येतं, असं सांगितलं. काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, "झोप तरी लागूदे आधी." निर्णय झाला. ६७ वर्षांच्या माणसाला हा प्रश्न नसतो असं आपण धरून चालतो, त्यातून पुष्कळ जण न सांगता गोळ्या सोडतात आणि नावं औषधाला ठेवतात.

आणखी एक गोष्ट अगदी निघता निघता कळली. काकांच्या गोळ्या डबीत भरून द्यायचं काम धाकट्या सुनेचं, आणि ती चार महिन्यांची गरोदर होती. ड्युटास्टेराइडची कॅप्सूल फुटून कातडीतून अंगात गेली तर पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. गरोदर बाईने ती हाताळायची नाही. डबी त्या दिवसापासून काकांकडे.

लोणंदच्या पुढे

मार्चमध्ये गुण १३, जूनमध्ये नऊ. आठव्या प्रश्नाला पाचाचे दोन. धारेचा वेग १३.४, उरलेली लघवी ३० मिली. रात्री एकदा, कधी दोनदा.

आळंदीपासून चालायला मी नको म्हटलं, ते लोणंदपासून जायला तयार झाले. निघण्याआधी बरोबर एक कागद दिला. गोळी दिंडीतल्या जेवणानंतरच घ्यायची, उपाशीपोटी नाही. पहाटे उठताना आधी मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं, कारण टॅम्सुलोसिनने उठता उठता रक्तदाब उतरतो आणि उन्हात घाम गेलेला असतो. दिवसा पाणी भरपूर. सर्दी झाली तर फक्त पॅरासिटामॉल आणि वाफ. लघवी अडकली तर वाट न बघता पालखीबरोबरच्या आरोग्यपथकाकडे जायचं.

बरडच्या मुक्कामी पहाटे न बसता उठले आणि राहुटीच्या काठीला धरून खाली बसले. लागलं काही नाही. शेजारच्याने लिंबूसरबत पाजलं. वेळापुरात एक रात्र तीनदा उठावं लागलं, कारण कीर्तनानंतर दोन कप चहा झाला होता, तेही डायरीत लिहिलेलं आहे. वाखरीला पोहोचले आणि पंढरपुरातही.

ऑगस्टमध्ये ड्युटास्टेराइडला सहा महिने झाले. पीएसए १.४ आला. मुलगा खूश, पण ही गोळी पीएसए निम्म्यावर आणते, म्हणून १.४ म्हणजे २.८ धरायचा, जानेवारीतल्या २.६ च्या जवळपास. ते ठीकच आहे. धोका वेगळा आहे. चार वर्षांनी दुसऱ्या कुणा डॉक्टरच्या हातात ही फाइल गेली आणि त्याने ३ बघून 'नॉर्मल' म्हटलं, तर कर्करोग निसटू शकतो. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं: 'ड्युटास्टेराइड चालू, पीएसए दुप्पट धरावा, वाढू लागला तर लगेच तपास.' त्याखाली ऑपरेशन कधी टाळायचं नाही तेही: पुन्हा लघवी अडकली, क्रिएटिनिन चढलं, मूत्राशयात खडा झाला, सारखा जंतुसंसर्ग किंवा लघवीतून रक्त आलं, तर. सोनोग्राफीत ग्रंथी आता ४३ ग्रॅम आहे, पण तो आकडा या वेळी कुणी अधोरेखित केला नव्हता.

गोळ्या किती दिवस, हा प्रश्न काकूंनी विचारला. ड्युटास्टेराइड सोडली तर ग्रंथी पुन्हा वाढते. टॅम्सुलोसिन वर्षाच्या शेवटी महिनाभर थांबवून बघू, जमलं तर एक गोळी कमी. त्याआधी उरलेलं काही असेल तर डायरी दाखवा म्हटलं. काकांनी सांगितलेले तीन दिवस सोडून आठ महिने रोज लिहिलं होतं. हल्लीच्या पानांवर रात्रीचा रकाना बहुतेक कोरा, फक्त पहाटे चारची नोंद रोज आहे, आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.

"चारला जाग येतीच काकड्याला," काका म्हणाले. "उठलो की लघवीला बी जातो. आता ती कशात धरायची, तुमीच सांगा."

मी ती नोंद दिवसाच्या रकान्यात टाकली.